आभासी वास्तव : बायस्कोपच्या पेटीपासून भूकंपाच्या सरावापर्यंत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत काही सेकंदांत गावेच्या गावे दगडमातीचा ढिगारा होऊन पडली. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा फार मोठा कार्यक्रम राज्य शासनाने राबविला. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि त्यांखेरीज कितीतरी गावांतून घरांच्या दुरुस्तीची व मजबुतीकरणाची कामे करण्यात आली.

त्या वर्षी जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकविणाऱ्या तरुण शिक्षकांपैकी अनेकांना तो भूकंप ऐकूनच ठाऊक आहे; त्यांच्या विद्यार्थ्यांना तर तो पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाइतकाच दूरचा वाटतो. पूर येताना दिसतो, वणव्याचा धूर लांबून कळतो, आग विझविण्याचा सराव मैदानावर करून दाखविता येतो. भूकंपाचे तसे नाही. तो सांगून येत नाही, शिक्षणासाठी मागवून घेता येत नाही, आणि ज्यांनी तो अनुभवला त्यांनाही तो शब्दांत नीटसा सांगता येत नाही. जे घडू नये अशीच इच्छा आहे, पण घडले तर काय करावे हे अंगवळणी पडलेले असावे, अशा गोष्टीचे शिक्षण द्यायचे कसे, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रापुढे व आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेपुढे कायमचाच आहे.

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ किंवा आभासी वास्तव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राकडे या प्रश्नाच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. हे तंत्र बहुतेकांना मुलांच्या खेळांमुळे आणि शहरांतील मोठ्या बाजारसंकुलांमुळे परिचित झाले आहे. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे यंत्र लावून हातवारे करणारा माणूस पाहिला की हा करमणुकीचाच प्रकार असावा असे वाटणे साहजिक होय. या तंत्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. जेथे प्रत्यक्ष शिकताना झालेली चूक जीवावर बेतते तेथे चूक करण्यासाठी एक सुरक्षित जागा असावी, या गरजेतून त्याचा पुष्कळसा विकास झाला आहे.

दोन डोळ्यांचे गणित

माणसाच्या दोन डोळ्यांत साधारणपणे सहा ते साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे दोन डोळ्यांत उमटतात. एक बोट नाकासमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला असता बोट डावी-उजवीकडे सरकल्याचा भास होतो. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करून पाहण्यासारखा आहे. या दोन चित्रांतील फरकावरून वस्तू किती लांब आहे याचा अंदाज मेंदू बांधतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व उलटे वापरून दाखविले. एकाच वस्तूची दोन बाजूंनी काढलेली दोन सपाट चित्रे आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्याला वेगवेगळी दाखविली की कागदावरची वस्तू भरीव होऊन समोर उभी राहते. या उपकरणाला ‘स्टिरिओस्कोप’ असे नाव मिळाले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांच्या जागी भिंगे बसवून ते आटोपशीर केले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ते लोकांच्या नजरेत भरले आणि छायाचित्रणाची कला नुकतीच रुजत असल्याने घरोघरी जोडचित्रे पाहण्याची हौस पसरली.

आजच्या यंत्रातही डोळ्यांसमोर हेच घडते. फरक इतकाच की छापील जोडचित्रांच्या जागी दोन छोटे पडदे, किंवा दोन भागांत विभागलेला एक पडदा, बसविलेला असतो.

पेटी, कंदील आणि घुमट

भरीव चित्र ही या भासाची एक बाजू झाली. आजूबाजूचे जग डोळ्यांआड करणे ही दुसरी. ही दुसरी युक्ती मराठी मुलखाला नवी नाही. जत्रेत बायस्कोपची पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाने ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. लातूरच्या सिद्धेश्वराच्या किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या गर्दीत, धुळीत आणि कोलाहलातही गोल भोकाला डोळा लावताच पोरांना पेटीतील चित्रांखेरीज दुसरे काही दिसत नसे. चित्रे साधी असत, पण त्यांना स्पर्धा करणारे दुसरे दृश्य उरत नसे. पेटीचे सामर्थ्य त्यातच होते.

महाराष्ट्रातील आणखी एका प्रयोगाचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखविली जात आणि पट्ट्या विशिष्ट रीतीने सरकवून चित्रांतील व्यक्ती हालचाल करीत असल्याचा भास उत्पन्न केला जाई. रामायण-महाभारतातील प्रसंग अशा रीतीने प्रेक्षकांपुढे जिवंत होत. ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. पटवर्धनांनी निवडलेले नावही अर्थपूर्ण आहे. शंबरासुराची माया ती शांबरी; डोळ्यांना जे नाही ते दाखविणारी विद्या असा त्याचा अर्थ. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ला पर्याय शोधणाऱ्या भाषातज्ज्ञांनी या शब्दाकडे एकदा तरी पाहावयास हवे होते.

तिसरा नमुना तारांगणाचा. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले आणि मुंबईच्या वरळी भागातील नेहरू तारांगणाचे उद्‌घाटन १९७७ साली झाले. घुमटाच्या आतल्या बाजूवर आकाश उमटविले की प्रेक्षकाला मान कोठेही वळवली तरी आकाशच दिसते. पेटीत डोळा चित्राकडे न्यावा लागतो. येथे चित्रच माणसाला वेढते.

तथापि पेटी, कंदील आणि घुमट या तिन्हींत एक उणीव राहते. पाहणाऱ्याने काहीही केले तरी चित्र बदलत नाही. तो खाली वाकला म्हणून त्याला टेबलाखालचे दिसत नाही, दोन पावले पुढे गेला म्हणून झाड जवळ येत नाही. तो प्रेक्षकच राहतो. पाहणाऱ्याच्या कृतीला चित्राने उत्तर द्यावे, ही कल्पना चित्रांच्या दुनियेतून आली नाही. ती आली विमानांच्या शाळेतून.

भात्यावर चालणारे विमान

अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व चर्चमधील ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये, आपल्याकडील पेटीप्रमाणेच, भात्याने हवा भरून सूर काढतात. विमान चालविण्याचे शिक्षण महागडे असल्याने लिंक यांनी १९२९ मध्ये हेच भाते व हवेचे पंप वापरून एक बुटके, जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले. आत बसलेल्या शिकाऊ वैमानिकाने दांडा ओढला की भात्यांत हवा कमी-जास्त होऊन खोके तसतसे कलत असे. आरंभी या यंत्राकडे जत्रेतील पाळण्यापेक्षा अधिक गांभीर्याने कोणी पाहिले नाही.

१९३४ मध्ये परिस्थिती पालटली. अमेरिकेत टपालाची वाहतूक काही काळ लष्करी विमानांकडे सोपविण्यात आली. रात्री आणि खराब हवेत केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालविण्याची सवय नसलेल्या वैमानिकांना थोड्याच आठवड्यांत एकामागून एक अपघात झाले आणि कित्येकांनी प्राण गमावले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांनी त्यांवर सराव केला. या यंत्रात बाहेरचे दृश्य नव्हतेच. झाकण लावले की आत काळोख आणि समोर तबकड्या. तरीही ते आजच्या आभासी वास्तवाचे खरे पूर्वज ठरते, कारण माणूस चुकला की यंत्र ती चूक त्याला दाखवून देई, आणि चूक करूनही तो जिवंत बाहेर येई.

टांगती तलवार

चित्र आणि प्रतिसाद ही दोन सूत्रे एकत्र येण्यास संगणकाची वाट पाहावी लागली. मध्यंतरी मॉर्टन हाइलिग या अमेरिकन चित्रपटकाराने ‘सेन्सोरामा’ नावाचे यंत्र तयार केले. १९६२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्यात बसून शहरातील मोटारसायकलफेरीचा चित्रपट पाहताना आसन हादरे, तोंडावर वारा येई आणि वासही सोडले जात. कल्पना अभिनव होती, पण प्रेक्षकाच्या हाती सुकाणू नव्हते आणि भांडवलदारही पुढे आले नाहीत.

निर्णायक पाऊल आयव्हन सदरलँड या संगणकशास्त्रज्ञाने टाकले. १९६८ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह डोक्यावर बसविण्याचे एक दृश्ययंत्र तयार केले. दोन डोळ्यांसमोर दोन लहान चित्रनलिका, आणि डोके कोणत्या दिशेला वळले हे मोजणारी, छतापासून लोंबणारी एक दांडी अशी त्याची रचना होती. दिसत असे ते केवळ प्रकाशरेषांनी काढलेल्या एका घनाकृतीसारखे काहीतरी. पण माणूस बाजूला सरकला की त्या आकृतीची दुसरी बाजू दिसू लागे. हवेत लटकलेली, प्रत्यक्षात नसलेली वस्तू माणसाच्या चालण्याला उत्तर देऊ लागली होती. यंत्राचा भार डोक्याला पेलवणारा नसल्याने ते छताला टांगलेले असे, म्हणून पुढे त्याला ग्रीक कथेतील डॅमोक्लिसच्या तलवारीचे नाव पडले. मराठीत टांगती तलवार म्हणतात ती हीच.

यानंतरच्या वीस वर्षांचा इतिहास मुख्यतः अमेरिकन हवाई दल आणि नासा यांच्या प्रयोगशाळांत घडला. ते सर्व तपशील येथे देण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांच्या ‘व्हीपीएल’ या कंपनीने डोळ्यांवरची यंत्रे व हाताच्या हालचाली टिपणारे हातमोजे विक्रीस आणले. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव रूढ झाले ते याच काळात. मात्र संगणकासह संपूर्ण संचाची किंमत लाखो डॉलरपर्यंत जाई. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात खोलीच्या भिंतींनाच पडदे करून माणसाला चित्राच्या आत उभे करण्याचा प्रयोग झाला. त्याला ‘केव्ह’, म्हणजे गुंफा, असे नाव देण्यात आले. औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांत ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना या नावातील मर्म सांगावे लागणार नाही.

वर्तमानपत्रांतून तेव्हा या तंत्राचा मोठा गाजावाजा झाला आणि बाजारात तितकीच मोठी निराशा पदरी पडली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९५ मध्ये आणलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ हा खेळ लाल आणि काळ्या रंगांतच चित्रे दाखवी, आणि तो वर्षभरातच बाजारातून काढून घ्यावा लागला. कल्पना पुढे धावत होती, सामग्री मागे रेंगाळत होती.

पुठ्ठ्याची पेटी

ही सामग्री शेवटी आली ती अनपेक्षित दिशेने. मोबाईल फोनचा प्रसार झाला तसे लहान व सुबक पडदे स्वस्त झाले. फोन आडवा धरला की चित्रही आडवे व्हावे, यासाठी त्यात कल व वळण मोजणारे सूक्ष्म संवेदक बसविण्यात येऊ लागले. सदरलँड यांना ज्यासाठी छताला दांडी टांगावी लागली होती ते काम आता तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर होऊ लागले. २०१२ मध्ये पामर लकी या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’ या यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी मागितली आणि सुमारे २४ लाख डॉलर जमा झाले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१६ पासून अनेक कंपन्यांची यंत्रे ग्राहकांपर्यंत पोहोचली. पुढे संगणकाला तारेने न जोडता स्वतंत्रपणे चालणारी यंत्रेही मिळू लागली.

ग्रामीण शाळेच्या दृष्टीने मात्र २०१४ मधील दुसरी एक घटना अधिक महत्त्वाची आहे. गुगल कंपनीच्या दोन अभियंत्यांनी पुठ्ठ्याची घडी घालून एक पेटी तयार केली. तीत सुमारे साडेचार सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगे बसवायची, मागे मोबाईल फोन ठेवायचा आणि डोळे लावायचे. पुढील वर्षी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने आपल्या दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना ही पेटी अंकासोबत वाटली. कंपनीने २०२१ मध्ये पेटीची विक्री थांबविली. परंतु तिचा आराखडा त्याआधीच सर्वांसाठी खुला करण्यात आला होता. विज्ञान प्रदर्शनासाठी दुर्बीण तयार करणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांना ही पेटी तयार करणे अवघड नाही. जत्रेतील बायस्कोप पुन्हा शाळेच्या दारात आला, एवढेच की आता मान वळविली असता पेटीतील चित्रही वळते. या साध्या पेटीची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. तिला मानेचे वळणे कळते, पावलांचे चालणे कळत नाही. पाहणारा एका जागी बसून चहूकडे बघू शकतो; उठून दाराकडे जाऊ शकत नाही.

गाडी का लागते

एस. टी.च्या घाटातील प्रवासात ज्यांना गाडी लागते त्यांना या यंत्रानेही मळमळ होण्याचा संभव असतो. कानाच्या आतील भागात शरीराचा तोल व गती जाणणारे एक इंद्रिय आहे. मोटारीत बसून वाचताना डोळे सांगतात शरीर स्थिर आहे, कान सांगतात ते हलते आहे. आभासी वास्तवात याच्या उलट होते : डोळे सांगतात आपण धावतो आहोत, कान सांगतात आपण खुर्चीत बसलो आहोत. या विसंगतीने डोके गरगरते. त्यात मान वळल्यानंतर चित्र बदलण्यास विलंब झाला तर त्रास अधिकच वाढतो. म्हणून चांगल्या यंत्रात हा विलंब सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी राखण्याचा प्रयत्न करतात आणि चित्र सेकंदाला सत्तर ते नव्वद वेळा किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने काढले जाते. जुन्या फोनवर चालविलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत ते साधेलच असे नाही. यंत्रांचे उत्पादक लहान मुलांसाठी वयाची मर्यादा घालून देतात; ती कागदावरच ठेवता कामा नये. दहा-पंधरा मिनिटांच्या वर एकेका मुलाला यंत्र लावून ठेवण्याचे शाळेत तसेही प्रयोजन नसते.

सराव खरोखर उपयोगी पडतो काय?

सराव खोट्या जगात झाला, तर तो खऱ्या जगात कामाला येतो काय, हा शंकेखोर पण योग्य प्रश्न आहे. त्याचे एक नेमके उत्तर वैद्यकशास्त्राने दिले. २००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाने दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेचा सराव आभासी यंत्रावर केला, दुसऱ्याने केवळ नेहमीचे शिक्षण घेतले. नंतर प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात पित्ताशयाची शस्त्रक्रिया करताना पहिल्या गटाचे काम २९ टक्के जलद झाले. पित्ताशयाला इजा होण्याचे किंवा भलत्याच ठिकाणी चटका बसण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात पाचपट आढळले. सोळा ही संख्या लहान आहे, हे खरे. पण तुलना काटेकोर होती. परीक्षेपूर्वी पुनःपुन्हा सराव करून घेण्यावर ज्या शिक्षणपद्धतीची ख्याती उभी राहिली ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. सराव या शब्दाची किंमत लातूरकरांना वेगळी समजावून देण्याची गरज नाही. फक्त येथे सराव उत्तरपत्रिकेवर होत नाही, शरीराकडून होतो.

भूकंपाशी जवळचे उदाहरण तुर्कस्तानातील आहे. १९९९ च्या भूकंपानंतर तेथील कित्येक माणसे घर शाबूत असूनही घरात झोपण्यास धजत नव्हती. किल्लारी परिसरातील ज्येष्ठांना ही भीती कोणी सांगावी लागणार नाही. मेतिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलणाऱ्या चौथऱ्यावर सामानसुमानासह एक लहान घर उभे केले. भूकंपातून वाचलेल्या माणसांना त्यात बसविण्यात आले आणि हादरे सुरू करणे, वाढविणे, थांबविणे हे त्यांच्याच हाती देण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा जणांचा समावेश होता. एकाच बैठकीनंतर त्यांतील बहुतेकांची भीती स्पष्टपणे कमी झाली. हे घर खरे होते, पडद्यावरचे नव्हते. पण तत्त्व लिंक यांच्या विमानाचेच : संकट तेच, परंतु त्याची कळ माणसाच्या हाती. अलीकडे न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी तेथील रुग्णालयाची इमारत आभासी स्वरूपात उभी करून भूकंपाच्या वेळी व नंतर काय करावे याचा सराव देणारा कार्यक्रम तयार केला आहे. जपानमध्ये हादरे देणारी खोली मोटारीवर बसवून शाळांच्या आवारात नेण्याची प्रथा आहे.

यातून एक भेद स्पष्ट व्हावा. डोळ्यांवरचे यंत्र भूकंप दाखविते. हादरा देत नाही. पायाखालची जमीन सरकण्याचा अनुभव देण्यास हलणारा चौथराच लागतो. यंत्रामुळे कळते ते निराळे : भिंत कोणत्या बाजूला फुगते, कपाट कोठे पडते, काळोखात दार कोणत्या हाताला राहते.

माळवदाखालचा प्रश्न

परदेशी बनावटीचे असे कार्यक्रम मागवून ते मराठवाड्यातील शाळांत दाखविले तर काम भागेल, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. त्या कार्यक्रमांतील मुलगा हादरा बसताच मजबूत टेबलाखाली शिरतो. किल्लारी परिसरातील ज्या घरांनी माणसे गाडली त्यांत टेबल नव्हते आणि असते तरी उपयोग झाला नसता. ती घरे माळवदाची होती. दोन-तीन फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड अशा ओबडधोबड दगडांच्या भिंती, सांध्यात चिखल, आणि वर लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांनी ते पसंत केले. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडत गेली आणि छताचे ओझे वर्षागणिक वाढत गेले.

भिंतीचे दुखणे तर बाहेरून दिसतच नाही. अशी भिंत एकसंध नसते. आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर रचतात आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व माती भरतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणी नसतील तर हादऱ्याने दोन पदर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढून फुटते आणि माळवद खाली येते. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर होता त्यांपैकी काहींच्या भिंती पडूनही छत उभे राहिल्याचे आढळले. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात म्हणूनच तीन गोष्टींवर भर होता : माळवदावरील माती कमी करणे, भिंतीत आरपार बांधणी करणे आणि दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा घालणे.

हे सर्व छापील पुस्तिकांतून सांगून झाले आहे. पण भिंतीच्या पोटात काय चालते हे कोणत्याही पुस्तिकेला दाखविता आलेले नाही, आणि नेमके तेच आभासी वास्तवाला सहज साधते. पाहणारा भिंतीपाशी उभा राहून तिच्या आत बघू शकतो. आरपार दगड घातलेली आणि न घातलेली अशा दोन भिंती एकाच हादऱ्याला कशा वागतात हे त्याला शेजारी शेजारी पाहता येते. गवंडी, घरमालक आणि बांधकामाची परवानगी देणारी ग्रामपंचायत या तिघांनीही ते पाहिले तर पट्ट्यावरचा खर्च वाचविण्याचा मोह कमी होईल. पुनर्वसित गावांत मूळ घरांना कालांतराने पडव्या, खोल्या, वरचे मजले जोडले गेले आहेत. ही जोडकामे कशी झाली आहेत हे पाहणे पंचायत सदस्यांच्या नजरेतून सुटता कामा नये. गवंड्याचा हात मात्र गवंडी कामावरच तयार होतो. दगड कसा घडवावा, सांधा कसा भरावा हे कोणत्याही पेटीत शिकता येणार नाही.

१९९३ पूर्वीच्या भूकंप नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. २००२ च्या भारतीय मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात घेण्यात आला. नकाशा बदलला तशी शिकवण्याची साधनेही बदलली पाहिजेत, आणि ती येथेच तयार झाली पाहिजेत. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून या भागात उभे आहे. लातूरमध्येही अभियांत्रिकी व तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत. एका माळवदी घराचे आणि एका पुनर्वसित घराचे हुबेहूब आभासी रूप तयार करणे हे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. आवश्यक संगणकप्रणालींपैकी काही शिक्षणासाठी विनामूल्य मिळतात. अवघड भाग वेगळाच आहे. घर कसे होते, उंबरा कोठे, देवघर कोठे, जनावरे कोठे बांधत, त्या पहाटे आधी आवाज आला की आधी हादरा, धूळ किती वेळ बसली नाही, हे सांगणारी माणसे आज वयस्कर आहेत. तेव्हा वीस वर्षांचे असलेलेही पन्नाशीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याकडून ही माहिती आताच टिपून ठेवावी लागेल. आणि हादरा बसताच माळवदी घरातील माणसाने नेमके काय करावे, दाराजवळ असेल तर काय व आतल्या खोलीत असेल तर काय, हे भूकंपशास्त्राच्या तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. चुकीचा सराव हा सराव नसण्यापेक्षा वाईट.

शाळेतील व्यवस्थेचा हिशेब साधा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एक यंत्र असेल आणि प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तर दोनशे मिनिटे लागतात. एका तासिकेत हे बसत नाही. त्यामुळे प्रत्येक शाळेला यंत्र देण्यापेक्षा केंद्रशाळेत दोन-तीन यंत्रे ठेवून ती केंद्रातील शाळांमध्ये आठवडाभरासाठी फिरवावीत, विजेची खात्री नसेल तेथे आदल्या दिवशी ती भरून न्यावीत, आणि एक मूल पेटीतून पाहत असताना तेच दृश्य इतरांना भिंतीवर दिसेल अशी सोय करावी. बाकीच्यांनी त्याला विचारत राहावे : आता तू कोठे उभा आहेस? दार कोणत्या हाताला आहे? तुझ्या डोक्यावर काय आहे?